जखम मांडीला, मलम शेंडीला

टॉल्किनच्या पुस्तकांवरून काढलेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये एक ज्वालामुखी फुटतो. तापलेल्या राखेचा लोट डोंगरावरून गावावर चालून येतो, लोक सैरावैरा पळतात, गॅलाड्रिएल ही एल्फ जमातीची नायिका मात्र जागची हलत नाही. ती डोळे मिटते, लोट तिला गिळतो, भाग संपतो. पुढच्या भागात ती उठून बसते. अंगावर राख, केसांत राख, बाकी धडधाकट. शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने विचारलं, "दादा, ही भाजली का नाही?"

तिने टॉल्किनची एक ओळही वाचलेली नाही. मी वाचला आहे, आणि त्या वेळी माझ्या डोक्यात वेगळीच यादी चालली होती. या काळात गॅलाड्रिएल इथे कशी, तिचा नवरा कुठे आहे, तलवारीची मूठ दगडात फिरवली की अख्खा डोंगर पेटतो हे कुठल्या पानावर लिहिलंय, वगैरे. माझी यादी लांबलचक होती, विद्वत्तापूर्ण होती आणि निरुपयोगी होती. तिचा प्रश्न पाच शब्दांचा होता आणि मालिकेकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आवडत्या पुस्तकांवर कोट्यवधी डॉलर ओतून मालिका काढायची आणि मग जगभरच्या प्रेक्षकांनी पुढची दोन वर्षं एकमेकांची उणीदुणी काढायची, हा आता ठरलेला क्रम झाला आहे. एका बाजूला 'पुस्तकाची पार वाट लावली' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'पुस्तक वेगळं, पडदा वेगळा, पटत नसेल तर बघू नका' म्हणणारे. मी बरीच वर्षं पहिल्या कळपात होतो. मनाने अजूनही थोडा तिथेच आहे. पण एवढं मात्र आता पटलंय की वाचक कळवळून ओरडतो तेव्हा त्याला खरंच कुठेतरी दुखत असतं, फक्त कुठे ते सांगताना तो बोट भलतीकडे ठेवतो. 'पुस्तकात असं नाही' हे त्याने स्वतःच केलेलं निदान असतं. निर्मातेही त्या निदानालाच उत्तर देत बसतात. मग मुलाखती होतात, खुलासे होतात, आणि दुखणं होतं तिथेच राहतं.

(पुढे बऱ्याच मालिकांची गुपितं उघडी पडणार आहेत. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.)

'गेम ऑफ थ्रोन्स' आधी घेतो, कारण तिथे या गोष्टीचा प्रयोग आपोआपच होऊन गेला आहे. पहिल्या सीझनमध्ये राजा रॉबर्ट आणि राणी सेर्सी समोरासमोर बसून आपल्या मोडक्या संसाराबद्दल बोलतात. हे राज्य टिकलंय तरी कशावर, असा विषय निघतो. आपल्या लग्नावर, असं ती म्हणते आणि दोघंही हसत सुटतात. एकमेकांचा इतका तिटकारा असलेली दोन माणसं त्या एका हसण्यात जितकी नवरा-बायको वाटतात तितकी आधी कधी वाटली नव्हती. हा प्रसंग पुस्तकात नाही. असूही शकत नाही, कारण जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या डोळ्यांनी दिसतं, आणि पहिल्या खंडात ना रॉबर्टचे डोळे आपल्याला मिळतात ना सेर्सीचे. पुढच्या सीझनमध्ये आर्या ही सरदारकन्या ओळख लपवून टायविन लॅनिस्टर या शत्रूच्या दिमतीला राहते आणि त्या दोघांचे संवाद ऐकत राहावेसे वाटतात. पुस्तकात ती टायविनच्या नव्हे, रूझ बोल्टन या दुसऱ्याच सरदाराच्या दिमतीला असते. म्हणजे दोन्ही ठिकाणी पुस्तकाशी सरळसरळ फारकत आहे. कट्टर वाचकांनी यावर काय केलं? टाळ्या वाजवल्या.

आता २०१९ चा शेवटचा सीझन घ्या. सहा भाग. तो नव्याने बनवावा म्हणून पंधरा लाखांहून अधिक लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. आणि गंमत अशी की त्या सीझनला ताडून बघायला पुस्तकच नव्हतं. पाचवा खंड २०११ मध्ये आला, त्यानंतरची गोष्ट कोणी वाचलेलीच नव्हती. शेवटाचे ठळक मुद्दे तर खुद्द लेखकाने मालिकाकारांना आधीच सांगून ठेवले होते. पुस्तकाशी बेइमानी होण्याची सोयच नाही, आणि तरीही राग सगळ्यांत मोठा. मग दुखलं काय?

पहिल्याच भागात राजा लवाजम्यानिशी उत्तरेतल्या विंटरफेलला येतो तेव्हा राजधानी सोडून महिना झालेला असतो. हा महिना ध्यानात ठेवा, कारण सगळं राजकारण त्याच्यावर उभं आहे. निरोप उशिरा पोचतो म्हणून गैरसमज होतो, माणूस दूर आहे म्हणून त्याचं घर लुटलं जातं, मदत वेळेत येणार नाही हे माहीत असल्यामुळे लोक नाइलाजाने वाईट तह करतात. सातव्या सीझनमध्ये काही जण राज्याच्या उत्तर टोकाच्या भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात अडकतात. त्यांच्यातला एक धावत भिंतीपर्यंत जातो, तिथून निरोप घेऊन कावळा पार दक्षिणेला ड्रॅगनस्टोनला, तिथून गादीची दावेदार डेनेरिस ड्रॅगन घेऊन निघते आणि तळ्यावरची मंडळी अजून तशीच उभी. बहीण म्हणाली, "कावळ्याला इंजिन लावलंय का?" त्या भागाच्या दिग्दर्शकानेही नंतर वेळेचा हिशेब जरा धूसर झाल्याचं कबूल केलं होतं. हा विनोदाचा विषय झाला खरा, पण ज्या दिवशी अंतर संपलं त्या दिवशी त्या जगातले परिणामही संपले. त्यानंतर शेवटच्या सीझनमध्ये डेनेरिसने राजधानीचं शहर जाळलं तेव्हा ते अशक्य वाटलं असं नाही. बी आधीपासून पेरलेलं होतंच. उगवायला दिवसच दिले नव्हते.

मालिकाकारांच्या बाजूने एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर बराच घसरणार आहे. पुस्तकात एखादं पात्र पाच पानं मनातल्या मनात घालमेल करू शकतं. पडद्यावर त्याला तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसवलं तर लोक चॅनल बदलतील. बदल करावेच लागतात. बदल केला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये मार्टिन यांनी स्वतःच आपल्या दुसऱ्या पुस्तकावरच्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेबद्दल जाहीर तक्रार लिहिली आणि मग थोड्याच वेळात ती काढूनही टाकली. लोकांनी तिची बातमी 'लेखक रुसला' अशी केली. तक्रार वाचली तर ती रुसण्याची नव्हतीच. पुस्तकात राणी हेलेनाला दोन मुलगे असतात. मारेकरी तिला विचारतात, कोणता मारू? ती धाकट्याचं, मेलॉरचं नाव घेते; मारेकरी थोरल्याला मारतात, आणि ज्याचं मरण आईने मागितलं तो मुलगा जिवंत राहतो. मालिकेत मेलॉर नाहीच. मारेकरी फक्त जुळ्यांपैकी मुलगा कोणता एवढं विचारतात, ती बोट दाखवते. दृश्य भयंकर आहे, याबद्दल वाद नाही. पण मार्टिन यांचं म्हणणं असं की एक तर त्या निवडीतली धार गेली, आणि दुसरं, हा पोर काढल्यामुळे पुढच्या ज्या घटना त्याच्यामुळे घडतात त्यांना आता कारणच उरत नाही. म्हणजे 'माझं पात्र का काढलंत' हा त्यांचा प्रश्न नव्हता. 'याच्यामुळे जे पुढे घडायचं ते आता कशामुळे घडणार' हा होता. गंमत बघा, मूळ मजकुरावर ज्याचा सगळ्यांत मोठा हक्क तो माणूसही तक्रार करताना हक्क सांगत बसला नाही, कार्यकारणभाव सांगत बसला. आपण वाचक मात्र हक्कच सांगत बसतो.

आता 'रिंग्ज ऑफ पॉवर'. अ‍ॅमेझॉनने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये हक्क घेतले तेव्हा आकडा पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. पहिल्या सीझनचा खर्च साधारण साडेशेहेचाळीस कोटी डॉलर सांगितला गेला. एवढ्या पैशांत मिळालं काय? 'द हॉबिट', 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि त्याच्या शेवटी जोडलेली परिशिष्टं. जुन्या युगांची गोष्ट सांगणाऱ्या 'सिल्मरिलियन'चे हक्क नाहीत. मालिकेला ज्या दुसऱ्या युगाची गोष्ट सांगायची होती ते युग परिशिष्टात सनावळीच्या रूपात आहे: अमुक साली अंगठ्या घडवायला घेतल्या, तमुक साली शहर पडलं. थोडक्यात, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकामागची तारखांची यादी. त्यामुळे 'पुस्तकात असं नाही' हे वाक्य या मालिकेबाबत जरा जपूनच वापरायला हवं. पुस्तकात बरंचसं काहीच नाही.

पण तारखा आहेत, आणि तारखांमध्येच सगळी गोम आहे. दुसरं युग ३४४१ वर्षांचं. मोठ्या अंगठीची घडण १६०० च्या सुमाराला, आणि माणसांचं न्यूमेनॉर बेट समुद्रात बुडतं ते ३३१९ मध्ये. मधली सतराशे वर्षं मालिकेने एका माणसाच्या आयुष्यात कोंबली. निर्मात्यांनी कारण दिलं की तसं केलं नाही तर दर सीझनला माणूसजातीची सगळी पात्रं मरतील आणि नवी आणावी लागतील. कारण बिनतोड आहे. वाचकांनी तरी त्यावरच सगळी आग पाखडली: कालक्रम मोडला, पाप केलं!

मला कालक्रमाचं सोयरसुतक नाही. मला ती सतराशे वर्षं कशासाठी होती याचं आहे. न्यूमेनॉरच्या माणसांना लांब आयुष्य मिळालेलं असतं, पण मरण असतंच. एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत. पहिल्या पिढीला याचं काही वाटत नाही. दहाव्या पिढीला थोडं वाटतं. पुढचे राजे म्हातारपणीही गादी सोडेनासे होतात, थडगी घरांपेक्षा भव्य होत जातात, एल्फांची भाषा बोलणं गुन्हा ठरतं. हेवा असा पिढ्यान्‌पिढ्या मुरत जातो, आणि शेवटी एक राजा मरण टाळण्यासाठी देवांवर आरमार घेऊन जातो. आता हे सगळं एका पिढीत बसवायचं तर हेव्याला लवकर येणारं कारण हवं. मालिकेने काय शोधलं? चौथ्या भागात एक कारागीर चौकात उभा राहून भाषण ठोकतो की एल्फ आले तर ते झोपत नाहीत, थकत नाहीत, म्हातारे होत नाहीत, ते आपले धंदे बळकावतील. एक एल्फ, गॅलाड्रिएल, आलेली आहे. एक! आणि बेटावरचं कामगार जग धोक्यात.

लोक या दृश्याला हसले. वाचक म्हणाले, पुस्तकात असं नाही. बहीण म्हणाली, "एकटी बाई किती सुतारकाम करेल?" दोघांचंही बोट एकाच जागेभोवती फिरत होतं. मरणाच्या भीतीची जागा नोकरीच्या भीतीने घेतली होती, आणि तिला त्या गोष्टीत आधार नव्हता. निर्मात्यांनी वर्षं कापली याला हरकत नव्हती; त्या वर्षांचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवायला हवं होतं. ते कोणाकडेच सोपवलं नाही.

हेच उलट बाजूनेही तपासता येतं, आणि त्यासाठी दुसरी मालिकाही लागत नाही. मुळात अंगठ्यांचा क्रम असा: खलनायक सौरॉन 'अनातार' या गोंडस नावाने, दाता बनून, एरेगिऑनच्या एल्फ लोहारांकडे येतो, कित्येक वर्षं त्यांना विद्या शिकवतो, अंगठ्या बनतात, आणि एल्फांच्या तीन अंगठ्या त्या लोहारांचा म्होरक्या केलेब्रिम्बॉर सगळ्यांत शेवटी, सौरॉनच्या अपरोक्ष घडवतो. मालिकेने हा क्रम उलटा केला. तीन अंगठ्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागातच घडून मोकळ्या. जखमी हॅलब्रँड, म्हणजे वेश पालटलेला सौरॉन, येतो, मिश्रधातूची एक युक्ती सुचवतो, गॅलाड्रिएल भावाचा खंजीर वितळवायला देते, झाल्या अंगठ्या. हजारो वर्षं धातूत हात काळे केलेल्या महालोहाराला धातूत धातू मिसळतात हे कोणीतरी सांगावं लागलं, यावर जो हशा पिकला तो रास्तच होता.

दुसऱ्या सीझनमध्ये क्रम तसाच उलटा आहे. कट्टर वाचकाच्या हिशेबाने अपराध तोच, कलमही तेच. पण अनातार आणि केलेब्रिम्बॉर यांचं प्रकरण हा त्या सीझनचा सर्वोत्तम भाग आहे असं पुस्तकवालेही म्हणाले, मीही म्हणतो. का? कारण इथे फसवणुकीला वेळ दिला. आधी स्तुती, मग 'तुझं कौतुक तिकडे कोणी करत नाही' ही कुजबूज, मग एक छोटं खोटं जे केलेब्रिम्बॉर स्वतःच एल्फांच्या राजाला कळवतो आणि त्यामुळे अडकतो. पुढे बाहेर शहराला वेढा पडलेला असताना सौरॉन त्याला एका भ्रमात ठेवतो: खिडकीबाहेर स्वच्छ ऊन, निवांत शहर, कर बाबा तुझं काम. तो काम करतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं की कोपऱ्यातला उंदीर मघाचीच धाव पुन्हा धावतोय. तशीच, त्याच वाटेने. तिथे त्याची भूमिका करणाऱ्या चार्ल्स एडवर्ड्सचा चेहरा बघा. आयुष्यभर बारकाव्यांवर जगलेला कारागीर एका बारकाव्यानेच जागा होतो. हा उंदीर टॉल्किनने लिहिलेला नाही. कोणी तक्रार केली? माझ्या तरी ऐकण्यात नाही.

इथवर माझं म्हणणं छान चाललं आहे, आणि म्हणूनच एक ठिकाण सांगतो जिथे ते लंगडतं. मालिकेत एल्फांचं तेज ओसरत चाललेलं असतं, झाड सडत असतं, आणि वसंतापर्यंत मिथ्रिल हा धातू मिळाला नाही तर सगळ्यांना मध्यभूमी सोडावी लागणार असते. बहिणीला यात काही खटकलं नाही. रोग आहे, औषध आहे, मुदत आहे, गोष्ट समजली. मला मात्र ते पोटात टोचलं. टॉल्किनमध्ये एल्फांचं ओसरणं हे दुखणं नाहीच. आपल्याला प्रिय असलेलं जग आपल्यादेखत बदलत जातं आणि आपण मात्र तसेच उरतो, याचं ते दुःख आहे, आणि अंगठ्या हा त्या दुःखाला बांध घालण्याचा हट्ट. त्याचं जीवनसत्त्वाच्या कमतरतेत रूपांतर झालं. इथे कार्यकारणभाव शाबूत आहे, गोष्ट आतून तुटत नाही, तरी काहीतरी गेलंच, आणि ते गेल्याचं फक्त वाचकालाच कळलं. तेव्हा पुस्तक न वाचलेल्याचा प्रश्न हीच एकमेव कसोटी, असं मी म्हणणार नाही. पण शंभर तक्रारींत अशा खऱ्या 'पुस्तकी' तक्रारी पाच-दहाच असतात. उरलेल्यांसाठी पुस्तक काढावं लागत नाही.

टॉल्किन स्वतः याबाबत काय म्हणत असे हे लोक विसरतात, कारण ते दोन्ही कळपांना गैरसोयीचं आहे. १९५८ मध्ये त्याच्याकडे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटाचा एक आराखडा आला होता. त्याने त्यावर कातावून सविस्तर टिपणं काढली. गरुडांचा वापर ऊठसूट केलाय म्हणून तो चिडला आहे. पण कापाकापीला त्याचा विरोध नाही! उलट तो सांगतो की एंट, म्हणजे झाडांसारखे चालते-बोलते जीव, आणि हॉर्नबर्ग किल्ल्याची लढाई या दोन्हींना पुरेसा वेळ देता येत नसेल तर एक गाळा, आणि गाळायचंच तर लढाई गाळा. सगळं थोडं थोडं ठेवून चेंगरण्यापेक्षा एक तुकडा अख्खा काढलेला बरा, हे लेखकाचं मत. २००२ च्या चित्रपटाने नेमकं उलट केलं. लढाई हाच त्याचा कळस झाला आणि एंटांचं निर्णय घेणं आक्रसलं. शिवाय फॅरामिर हे पात्र बदललं; आधीच्या चित्रपटातच टॉम बॉम्बाडिल गाळला होता आणि नदीपाशी नायक फ्रोडोला वाचवायला ग्लॉरफिंडेलच्या जागी आर्वेन आली होती. तेव्हाही आरडाओरडा झालाच होता. लेखकाच्या मुलाने, ख्रिस्तोफर टॉल्किनने, २०१२ मध्येसुद्धा फ्रेंच वृत्तपत्राला सांगितलं की या चित्रपटांनी पुस्तकाचा कोथळा काढला. आणि आज तेच चित्रपट 'रूपांतर असावं तर असं' म्हणून नव्या मालिकेच्या तोंडावर मारले जातात. कालचे बदल आज पवित्र झालेत. ते इमानी होते म्हणून नव्हे. त्या जगात चालून पाय दुखत होते म्हणून.

एक बाजू अजून राहिली, आणि ती टाळली तर हा लेख भित्रा ठरेल. 'रिंग्ज ऑफ पॉवर' २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा तक्रारींच्या गर्दीत एक वेगळीच टोळी घुसली होती. एरॉन्डिर हा एल्फ कृष्णवर्णीय कसा, ड्वार्फ राजकन्या कृष्णवर्णीय कशी, यावरून कलाकारांना इतक्या गलिच्छ शिव्या घातल्या गेल्या की मालिकेला जाहीर निवेदन काढावं लागलं. या टोळीचा 'पुस्तकप्रेम' हा दावा मला पटत नाही. टॉल्किनच्या प्रस्तावनेतच हारफूट जमातीचे हॉबिट इतरांपेक्षा सावळे असतात असं स्पष्ट लिहिलं आहे. ते वाक्य यातल्या कोणाला आठवलं नाही. आणि मुख्य म्हणजे एरॉन्डिरचा रंग त्या गोष्टीतलं एकही कारण मोडत नाही. राखेतून सहीसलामत उठलेली गॅलाड्रिएल मोडते. ज्याला पहिलं खटकतं आणि दुसरं खटकत नाही, त्याने आपण नेमकं काय बघायला बसलो होतो ते स्वतःला विचारावं.

पण या टोळीचा कंपन्यांना झालेला उपयोगही बघा. अ‍ॅमेझॉनने आपल्या संकेतस्थळावर प्रेक्षकांचे रिव्ह्यू बहात्तर तास रोखून धरले. द्वेषाने ठोकलेले एक-तारा शेरे गाळण्यासाठी, हे समजण्यासारखं आहे. पुढे मात्र जी काही टीका व्हायची तिला एकच शिक्का तयार असायचा. पटकथा ढिसाळ आहे म्हणा, तुम्ही ट्रोल. संवाद पोकळ आहेत म्हणा, तुम्ही ट्रोल. वाचकांचं प्रेम आयतं मिळतं म्हणूनच कंपनी कोरी कथा न घेता पंचवीस कोटी मोजून जुनी पुस्तकं घेते. त्या प्रेमावर जाहिरात करायची, आणि त्याच प्रेमाने प्रश्न विचारला की त्याला विखारी म्हणायचं, ही जरा जास्तच सोयीची गिऱ्हाइकी झाली. आकडे बोलले तेव्हा मात्र वेगळंच बोलले. पहिल्या दिवशी अडीच कोटी लोकांनी मालिका पाहिल्याचं कंपनीने अभिमानाने सांगितलं. नंतर हॉलिवूडच्या व्यापारी वृत्तपत्रात आलं की अमेरिकेत पहिला सीझन सुरू केलेल्यांपैकी शेवटपर्यंत गेले ते ३७ टक्के. सोडून गेलेले सगळे काही द्वेष्टे नसणार. बरेचसे माझ्या बहिणीसारखे असतील: एक प्रश्न विचारला, उत्तर मिळालं नाही, उठून गेले.

वाचकांच्या घाईचीही एक किंमत असते आणि ती 'द व्हील ऑफ टाइम'ने चुकवली. रॉबर्ट जॉर्डनची चौदा खंडांची ग्रंथमाला. १९९० मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये लेखक गेला, शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने पुरे केले. मालिका २०२१ मध्ये आली आणि पहिल्याच भागात वाचकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पेरिन हा दांडगा, पण स्वतःच्या ताकदीला बिचकून असणारा लोहार. पुस्तकाच्या सुरुवातीला तो अविवाहित आहे. मालिकेने त्याला बायको दिली आणि हल्ल्याच्या गोंधळात त्याच्याच हातून तिला मारलं. आम्ही काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे कोरोनाच्या साथीमुळे चित्रीकरण थांबलं, शेवटच्या दोन भागांआधी मॅट या मुख्य पात्राची भूमिका करणारा नट सोडून गेला, कथा ऐन वेळी फिरवावी लागली. पडद्यावर फक्त भोकं दिसली. कात्री कोणी आणि का चालवली ते कोणाला दिसणार?

मग तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात नायक रँड रुइडिअन या जुन्या शहरातल्या काचेच्या खांबांमधून चालतो. पुस्तकात तिथे तो एकेका पूर्वजाच्या डोळ्यांनी मागे मागे बघत जातो, आणि आपलं लढवय्यं कूळ कधीकाळी शस्त्राला हातही न लावणाऱ्यांचं होतं हे त्याला कळतं. 'डोळ्यांनी बघणं' कॅमेऱ्याला कसं जमणार? त्यांनी सगळ्या पूर्वजांच्या भूमिका रँडचं काम करणाऱ्या जोशा स्ट्रॅडोव्स्कीलाच दिल्या. दर पावलागणिक तोच चेहरा, वेगळ्या नाकाचा, वेगळ्या वयाचा, वेगळ्या चुकीचा. पुस्तकात असं नाही. आणि पुस्तकात नेमकं हेच आहे. जी मंडळी तीन वर्षं शिव्या देत होती ती त्या रात्री एकमेकांना मेसेज करत होती. मीही केले.

हा सीझन २०२५ च्या एप्रिलमध्ये संपला. मे महिन्यात मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात आम्ही किती जणांना 'बघू नका, वेळ वाया जाईल' असं छातीठोकपणे सांगितलं होतं, त्याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

बहिणीने ती मालिका शेवटपर्यंत पाहिली होती. बंद झाल्याची बातमी कळल्यावर तिने माझ्याकडून पहिला खंड नेला, तोही कुरकुरत, कारण तो विटेएवढा जाड आहे. आठवड्याभराने तिचा फोन आला.

"दादा, लायला कधी येते?"

"कोण लायला?"

"पेरिनची बायको."

"पुस्तकात नाहीये ती."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "पण मग हा कुऱ्हाडीला एवढा घाबरतो कशाला? याला तर काहीच झालेलं नाही."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पेरिनचा स्वभाव, लहानपणापासून जपून वागायची सवय, लोहाराच्या भट्टीत शिकलेला संयम. बोलता बोलता लक्षात आलं की मी अगदी पटकथाकार मुलाखतीत बोलतात तसाच बोलतोय, आणि तिकडे ती पानं उलटतेय.